जुनाट दुखणें आणि घरचा हातधंदा

शेतकऱ्याच्या घरीं दुखणें येतें तें दोन जातींचें असतें. एक ताप-पडशाचें. तें माणसाला चार दिवस अंथरुणास खिळवितें, औषधपाणी झालें कीं जातें, आणि पंधरा दिवसांत माणूस पुन्हां बांधावर दिसूं लागतें. दुसरें दुखणें मात्र पाहुण्यासारखें येतें आणि भाऊबंदासारखें राहतें. सांधे धरणें, मधुमेह, दमा, कंबरेचें व मणक्याचें दुखणें, मोठ्या शस्त्रक्रियेमागून राहिलेली अशक्तता, हीं सर्व या दुसऱ्या जातीचीं होत. यांत सांपडलेलें माणूस खाट धरून नसतें. हिंडतें-फिरतें, चार गोष्टी बोलतें. पण त्याच्यानें खुरपें धरवत नाहीं, पाटी उचलवत नाहीं, दिवसभर वांकून वेचणी होत नाहीं. शेतीचें काम तर वेळेचें. वाफसा आला कीं तें कोणाकरितां थांबत नाहीं. म्हणून असें माणूस हळूहळू कामाच्या हिशेबांतून वगळलें जातें. घरची मंडळी त्याला बसून खाणारें समजूं लागतात, आणि कांहीं दिवसांनीं तें स्वतःही आपल्याला तसेंच समजूं लागतें.

अशा माणसाला घरीं बसून करण्याजोगा एखादा हातधंदा असावा, ही गोष्ट पुष्कळांना पटते. पण तो धंदा कसा निवडावा, कसा मांडावा, आणि दुखणें उलटलें असतां तो बुडूं न देतां कसा सांभाळावा, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. शिवणाचें यंत्र आणून ओसरीवर ठेवलें कीं धंदा सुरू झाला असें मानलें जातें, आणि सहा महिन्यांनीं त्यावर धूळ बसलेली दिसते. केज व आसपासच्या भागांतील शेतकरी कुटुंबें डोळ्यांपुढें ठेवून प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार केला आहे.

केज भागांत हा प्रश्न निकडीचा कां

केज तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यांत मोडतो. मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण याच तालुक्यांत आहे. इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांत तेंच धरण कोरडें पडून, त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. धरणाची जेथें ही गत, तेथें कोरडवाहू जमिनीवर बारा महिने पोट भरत नाहीं. म्हणून दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें ऊसतोडणीकरितां पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. दोन-चार एकरांचे मालकही त्यांत असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती तोडणींतून फेडावयाची, असा तो व्यवहार आहे. खाडा झाला तर तो अंगावर पडतो. जेथें खाडा परवडत नाहीं, तेथें दुखणें परवडत नाहीं हें उघड आहे.

याचें फळ काय झालें तें इ. स. २०१९ सालीं सर्वांपुढें आलें. महाराष्ट्र सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या कामांत बीड जिल्ह्यांतील पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली व त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढलेलें आढळलें. हें प्रमाण साधारण सहा स्त्रियांत एक असें पडतें. त्यांतील किती शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक होत्या हा मोठा प्रश्न आहे. परंतु शस्त्रक्रिया झालेली स्त्री पुढें तीस-चाळीस वर्षें आपल्या घरांत राहावयाची आहे, आणि तिचें काय, हा प्रश्न सरकारचा नसून घराचा आहे. गर्भाशयाबरोबर अंडाशयेंही काढलीं असल्यास पाळी अकालीं व एकदम जाते. अंगांतून कढ येतात, झोंप मोडते, आणि हाडें लवकर ठिसूळ होऊं लागतात. अशा स्त्रीस पुन्हां मोळ्या उचलावयास लावणें म्हणजे हाड मोडण्याची वाट पाहणें होय. ती घरीं राहिली तर एक कोयता मोडतो. या दोन संकटांतून निघणारी तिसरी वाट म्हणजे घरचा हातधंदा. पण ती वाट नीट बांधली पाहिजे.

शरीराचाही पाऊस लहरी

निरोगी माणूस जसा धंदा चालवितें तसा जुनाट दुखण्याचें माणूस चालवूं शकत नाहीं, ही गोष्ट प्रथम स्वीकारावी. त्याला शक्ति कमी असते एवढाच भेद नाहीं. खरा भेद हा कीं, त्या शक्तीचा भरंवसा नसतो. आज सकाळीं हात हलका, तर उद्यां वेणीसुद्धां घालवत नाहीं. एक आठवडा उत्तम जातो आणि पुढचे दहा दिवस सांधे लाल होऊन सुजतात. बाहेरच्यास हें ढोंग वाटतें. पण रोगाचा स्वभावच तसा आहे.

कोरडवाहू शेतकऱ्यास हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. त्याचा सारा जन्म अशाच लहरी मालकाच्या चाकरींत जातो. मृगांत पाऊस येईल कीं नाहीं हें त्याला ठाऊक नसतें, म्हणून तो काय करितो? एकाच पिकावर विसंबत नाहीं. बाजरींत तूर घालितो. कडब्याची गंज रचून ठेवितो. साधल्या वर्षाचें धान्य बेगमीस टाकितो. पाऊस हुकमी नसल्यामुळें तो शेती सोडीत नाहीं. शेतीच अशी मांडतो कीं पाऊस हुकला तरी घर उभें राहावें. दुखणाईत माणसाचा धंदाही याच रीतीनें मांडावयाचा आहे. चांगल्या दिवशीं माल साठवावा, वाईट दिवशीं साठा विकला जावा, आणि मधल्या दिवशीं हलकें काम व्हावें. या लेखाचें सार एवढेंच आहे. पुढें सांगितलें आहे तो त्याचा विस्तार होय.

पूर्वींचा दाखला

जुनाट रोग आणि हातधंदा यांची सांगड महाराष्ट्रांत नवी नाहीं. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनीं इ. स. १९३६ मध्यें वर्ध्याजवळ दत्तपूर येथें महारोग्यांच्या सेवेचें काम सुरू केलें. त्या काळीं या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. तरीही तेथील रोगी शेती करीत व सूत कातीत. पुढें इ. स. १९५१ मध्यें बाबा आमटे व साधनाताई यांनीं वरोड्याजवळ आनंदवन वसविलें. तेथें प्रथम शेती, आणि मागाहून हातमाग, सुतारकाम, छपाई असे धंदे उभे राहिले. बोटें झडलेल्या माणसांनीं विणलेलें कापड बाजारांत विकलें गेलें. स्वतः बाबांना पुढें मणक्याच्या विकारामुळें बसतां येईना. तेव्हां त्यांनीं उभें राहून आणि पडून आपलें काम वर्षानुवर्षें चालविलें.

याच सुमारास मद्रास इलाख्यांतील वेल्लोर येथें पॉल ब्रँड या शस्त्रवैद्यानें एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. महारोग्याचीं बोटें रोगानें आपोआप कुजून पडत नाहींत. हाताची संवेदना गेल्यामुळें भाजलेलें, कापलेलें, घासलेलें त्याला कळत नाहीं, आणि त्या न कळलेल्या जखमांनींच हाताचा नाश होतो. त्यानें वांकडे हात शस्त्रक्रियेनें सुधारून रोग्यांस सुतारकाम शिकविलें, आणि त्याबरोबरच हत्यार हाताला लागतें कीं काय हें डोळ्यांनीं पाहण्याची सवय लावली. आज महारोग सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत औषधानें बरा होतो. पण ब्रँड यांचा धडा जुना झालेला नाहीं, कारण बरीच वर्षें मधुमेह असलेल्या माणसाचेही हातपाय असेच बधिर होतात.

दत्तपूर आणि आनंदवन या संस्था होत्या. आपण एका घरापुरता विचार करीत आहों. तरी तेथील दोन गोष्टी घरासही लागू पडतात. काम खरें होतें, मन रमविण्याचा खेळ नव्हता. आणि काम माणसाच्या हाताप्रमाणें बेतलें होतें, हात कामाप्रमाणें मोडला नव्हता.

दुखणें ओळखून धंदा निवडावा

धंदा निवडण्यापूर्वीं दुखण्याचें नांव नक्की करून घ्यावें. नुसतें 'वात आहे' एवढ्यावर थांबूं नये. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें सरकारी रुग्णालय आहे. तेथवर एकदां जावें. सांध्यांच्या दुखण्यांतच दोन निराळ्या जाती आहेत आणि दोहोंचें कामाचें वेळापत्रक उलट असतें. आमवातांत सांधे सुजतात, दोन्ही हातांचे सारखेच धरतात, आणि सकाळीं तासभर किंवा त्याहून अधिक वेळ ताठरलेले राहतात; हालचाल होत गेली कीं मग ते सैल पडतात. अशा माणसानें सकाळीं सुई धरूंच नये. काम दहा-अकरा वाजल्यावर सुरू करावें. झिजेच्या संधिवातांत मात्र सकाळचा ताठरपणा थोडक्यांत सुटतो आणि दुखणें कामानें वाढत जातें. अशा माणसानें सकाळचा ताजा वेळ कामास द्यावा व दुपारनंतर विसांवा घ्यावा. आमवातावर आरंभींच्या महिन्यांतच योग्य औषध सुरू झालें तर सांधे वांकडे होण्याचें बव्हंशीं टळतें, हेंही सांगितलें पाहिजे. हातधंदा हा औषधाच्या जागीं नाहीं, औषधाच्या जोडीला आहे.

मधुमेहाच्या माणसास शिवणकाम करतां येतें. परंतु बोटांत अंगुस्तान घातल्यावांचून त्यानें सुई हातीं धरूं नये. पायानें चालवावयाच्या यंत्रावर तो बसत असेल तर रोज रात्रीं तळवे पाहावे. स्वतःस दिसत नसल्यास घरच्या कोणीं पाहावे. इन्शुलिन टोंचून घेणाऱ्यानें कामाच्या नादांत जेवणाची वेळ टाळूं नये. घाम व थरथर सुटली तर काम तेथेंच सोडून साखर तोंडांत टाकावी. दम्याच्या माणसास लोंकर पिंजणें, घोंगडी विणणें, कापूस पिंजणें हीं कामें देऊं नयेत. तंतूंची धूळ त्याला विषासारखी आहे. त्यानें धुऊन वाळविलेल्या कापडावर, उघड्या ओसरीवर, चुलीच्या धुरापासून दूर बसून काम करावें. ज्याचा मणका दुखतो त्यानें टोपल्या विणण्याचें काम टाळावें. त्यांत वांकून बसणें फार आणि जोर पाठीवर येतो.

आणखी एक कसोटी सर्वांसच लागू आहे. जो माल नासतो किंवा ज्याची मागणी ठराविक दिवशींच पुरी करावी लागते, तो माल दुखणाईतानें धरूं नये. लग्नाच्या चोळ्या आणि शाळेचे गणवेश यांना तारीख असते. तारीख आली आणि हात सुजला, तर दोनच मार्ग उरतात. एक, गिऱ्हाईक तुटतें. दुसरा त्याहून वाईट. वेदना मारणारी गोळी घेऊन माणूस रात्रभर यंत्रावर बसतें. अशा गोळ्या वैद्याच्या सल्ल्यावांचून महिनोन्महिने घेतल्या तर पोटांत व्रण पडतात आणि मूत्रपिंडें निकामी होतात. लंगड्या बैलाला पराणी लावून मोट ओढून घेण्यासारखेंच तें आहे. पाणी आज मिळतें, पण बैल जातो.

केज भागास साजणारे तीन धंदे

वरील कसोटीस उतरणारे तीन धंदे आपल्याच अंगणांत आहेत.

पहिला, पोळ्याचा साज. गोंडे, म्होरक्या, माळा, झुली यांची विक्री श्रावणी अमावास्येच्या आधींच्या पंधरा दिवसांत होते. पण तो माल कार्तिकापासून आषाढापर्यंत केव्हांही करून ठेवतां येतो. नऊ महिन्यांत चांगले दिवस कितीही थोडे असोत, ते वायां जात नाहींत. गोंडे करण्याचें काम हलकें, मांडीवर ठेवून होण्याजोगें आणि हवें तेथें सोडतां येण्याजोगें आहे. ट्रॅक्टरामुळें बैल कमी झाले हें खरें. पण ज्यांनीं बैल ठेवले आहेत ते साजाला कमी करीत नाहींत.

दुसरा, वाती व वस्त्रमाळा. कापूस घरचा, भांडवल जवळजवळ नाहींच. चातुर्मास, नवरात्र व कार्तिक यांत यांची मागणी असते. परळीस वैजनाथ आणि अंबाजोगाईस योगेश्वरी अशीं दोन मोठीं क्षेत्रें हाताशीं आहेत. तेथील पूजासाहित्याच्या दुकानदाराशीं ठराव करून शेंकड्यावर माल द्यावा. या कामांत पैसा थोडा मिळतो, पण ज्या दिवशीं सुई धरवत नाहीं त्या मधल्या दिवसाचें हें काम आहे. दमेकऱ्यास मात्र तें देऊं नये.

तिसरा, वाकळ. गोधडीला आपल्याकडे हेंच नांव. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, कडेपासून आंत धावदोरा घालीत जाणारी आपल्या घरची वाकळ ही आतां शहरांतून हौसेनें विकत घेतली जाते. आजीचें किंवा आईचें लुगडें देऊन त्याची वाकळ करून मागणारीं गिऱ्हाइकेंही असतात. त्यांना घाई नसते. वस्तु चांगली हवी असते. दुखणाईत कारागिरास याहून चांगलें गिऱ्हाईक नाहीं. बोटांस फार जोर पडूं नये म्हणून थर मर्यादित ठेवावे, आणि जाड शिवणीस लागणाऱ्या दाभणाच्या मुठीवर कापड गुंडाळून ती जाड करावी. बारीक मूठ आवळून धरावी लागते आणि सांध्यांस तेंच बाधतें.

जागा आणि बैठक

मांडी घालून, मान खालीं घालून चार तास शिवणें ही निरोगी पाठीचीही परीक्षा आहे. कमरेइतक्या उंचीचें एक साधें लांकडी टेबल व पाठ टेंकतां येईल अशी खुर्ची, एवढें सुताराकडून करून घ्यावें. वाकळ टेबलावर पसरली कीं तिचें वजन हातावर येत नाहीं. उजेड डाव्या खांद्यावरून यावा. अर्धा तास काम झालें कीं उठावें, बोटें उघडझांप करावीं, अंगणांत दोन फेऱ्या माराव्या. घड्याळ नसेल तर वातीचें एक ठराविक माप ठरवावें; तेवढें झालें कीं उठावें. गुडघे दुखत असतील तर पायानें चालणाऱ्या यंत्रास विजेची लहान मोटार जोडून घ्यावी. वीज नसेल त्या वेळीं हातशिवणीचें काम काढावें.

जुनीं लुगडीं प्रथम गरम पाण्यांत धुऊन कडक उन्हांत वाळवावीं. धूळ जाते आणि गिऱ्हाइकालाही माल स्वच्छ मिळतो. माल ठेवण्यास पत्र्याची पेटी व कडुनिंबाचा पाला असावा. उंदीर-कसरीनें बेगमी खाल्ली तर चांगले दिवस फुकट गेले असें होईल.

हिशेब

धंदा बुडतो तो बहुधा दुखण्यानें नव्हे, हिशेब नसल्यानें. म्हणून मागणी घेण्यापूर्वीं दोन महिने एक वही ठेवावी. रोज संध्याकाळीं एकच खूण करावी: दिवस चांगला, मध्यम कीं वाईट. पर्जन्यमापकावरून जसा पावसाचा अंदाज बांधावा तसा या वहीवरून शरीराचा अंदाज बांधतां येतो. समजा, महिन्यांत १२ दिवस चांगले, १० मध्यम व ८ वाईट निघाले. चांगल्या दिवशीं ४ तास व मध्यम दिवशीं २ तास धरले, तर महिन्याचे ४८ आणि २० मिळून ६८ तास झाले. एका वाकळेस ५० तास लागत असतील तर महिन्याला एक वाकळ होते आणि थोडा वेळ उरतो. तरी गिऱ्हाइकास महिन्याची बोली करूं नये. दीड महिन्याची करावी. लवकर दिली तर नांव होतें, उशीर झाला तर नांव जातें.

आतां किंमत पाहूं. आंकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकानें आपल्या बाजाराप्रमाणें बसवावे. वरचें नवें कापड ३५० रुपये, अस्तर २५०, दोरा १२०, धुणें वगैरे ३०. मिळून ७५० रुपये. मजुरी ५० तासांची, तासास ३० रुपयांप्रमाणें १,५०० रुपये. जाण्या-येण्याचा खर्च १०० रुपये. एकूण २,३५० रुपये. यावर दहावा हिस्सा, म्हणजे २३५ रुपये, दुखण्याच्या दिवसांचा राखीव म्हणून चढवावा. बेरीज २,५८५, म्हणून २,६०० रुपयांच्या आंत ती वाकळ देऊं नये. व्यापारी म्हणेल, १,५०० रुपये रोख घ्या. त्यांतून साहित्य व प्रवास यांचे ८५० रुपये वजा जातां ६५० उरतात आणि तासाला १३ रुपये पडतात. एवढ्याकरितां दुखऱ्या बोटांनीं पन्नास तास शिवणें हा धंदा नव्हे. गिऱ्हाइकानें स्वतःचीं लुगडीं वरच्या थरास दिलीं तर ३५० रुपये वांचतात व २,२०० रुपयांस परवडतें. अशा मागणीवर निम्मा बयाणा आधीं घ्यावा.

दहाव्या हिश्श्याची जी रक्कम चढविली ती घरखर्चांत मिसळूं नये. ती बियाण्याच्या ज्वारीसारखी निराळी ठेवावी. वाईट महिन्यांत औषध तिच्यांतून यावें. धंद्याचें खातें करणाराच्या नांवावर असावें. विशेषतः तो धंदा घरच्या स्त्रीचा असेल तर. आपल्या कष्टाचा पैसा आपल्या नांवें दिसणें यानें जें बळ येतें तें दुसऱ्या कशानें येत नाहीं.

विक्री आणि सरकारी साह्य

विकतांना दुखण्याचें भांडवल करूं नये. दया लोक एकदां विकत घेतात. चांगला माल पुन्हां पुन्हां घेतात. एकट्यानें बाजार गांठण्यापेक्षां गांवांतील बचत गटामार्फत माल पाठवावा. 'उमेद' अभियानांतील गटांचा माल मुंबईस महालक्ष्मी सरस या प्रदर्शनांत जातो. ज्याला प्रवास सोसत नाहीं त्याचा माल गटांतील दुसरी बाई नेऊं शकते.

दि. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेंत अठरा धंदे असून त्यांत शिंपीकाम, टोपल्या-चटया-केरसुण्या करणें व बाहुल्या-खेळणीं करणें हे आहेत. पांच ते सात दिवसांचें प्राथमिक शिक्षण, त्या काळांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांकरितां १५,००० रुपयांचें साह्य, आणि पांच टक्के व्याजानें प्रथम एक लाखापर्यंत व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची योजना आहे. एका कुटुंबांतील एकालाच व सरकारी नोकरी नसलेल्या कुटुंबासच तिचा लाभ होतो. आपल्या धंद्याची नोंदणी चालू आहे किंवा कसें, याची चौकशी ग्रामपंचायतींत व सेवा केंद्रांत करावी. आमचा सल्ला असा कीं, अवजारें मिळत असल्यास घ्यावीं, कर्जाची घाई करूं नये. कर्जाच्या हप्त्याला तारीख असते, आणि तारखेचें ओझें दुखणाईतावर काय करितें तें वर सांगितलेंच आहे. निदान एक वर्षाची वही भरल्यावर, वाईटांतल्या वाईट महिन्याच्या मिळकतींतून हप्ता निघतो असें दिसलें, तरच कर्ज काढावें.

घरच्यांचें कर्तव्य

शेवटचा मुद्दा घरच्यांचा. धंदा एका माणसाचा असला तरी त्याची कला दुसऱ्या एकास तरी अवगत असावी. सून असो, मुलगा असो, शेजारची मुलगी असो. चांगल्या दिवशीं तिला जोडीस बसवावें, म्हणजे वाईट दिवशीं अर्धी वाकळ अडून राहणार नाहीं. पुरुषांनीं कापड धुणें, पेटी उचलणें, बाजारांत माल पोहोंचविणें हीं जड कामें आपलीं समजावीं. 'आज कां नाहीं शिवलेंस?' हा प्रश्न घरांतून हद्दपार करावा. पाऊस पडला नाहीं म्हणून आपण शेताला जाब विचारीत नाहीं.

आणि एक उलट बाजूही आहे. माणूस चार पैसे मिळवूं लागलें कीं घराला त्या पैशाची चटक लागते. उन्हाळ्यांत दोन वाकळा झाल्या, तर पावसाळ्यांत चार कां होऊं नयेत, असें मनांत येतें. ऊसतोडीच्या फडांत जें झालें तेंच मग ओसरीवर होईल. कोयत्याच्या जागीं सुई, आणि मुकादमाच्या जागीं आपण. तोडणींत खाडा अंगावर पडतो म्हणून दुखणें अंगावर काढलें गेलें. घरच्या धंद्याचा सर्वांत मोठा गुण हा कीं त्यांत खाड्याला दंड नाहीं. तो गुणच आपण काढून घेतला, तर धंद्यांत राहिलें काय?

येत्या दसऱ्यास तोडणीचा विचार जेव्हां घराघरांतून होईल, तेव्हां ज्यांच्या घरीं असें दुखणाईत माणूस आहे त्यांनीं उचल घेण्यापूर्वीं ही वही दोन महिने ठेवून पाहावी. एका कोयत्याच्या उचलीइतका पैसा वाकळांतून व गोंड्यांतून येणार नाहीं, ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. पण उचलीच्या बाजूस औषधाचा खर्च, पुढच्या शस्त्रक्रियेचें कर्ज, आणि मोडलेल्या हाडापायीं बुडणारीं वर्षें मांडलीं, म्हणजे कोणतें पारडें जड होतें तें प्रत्येकाचें त्याला दिसून येईल.